चौघांचं काम

मला पाठवलं होतं भूकंपाच्या हिशेबाला.
किती खांब, किती कुजके, अजून किती वर्षं.
टॉर्च, पट्टी, ओल मोजायचं यंत्र
आणि एक छापील फॉर्म,
ज्यात 'वास' असा रकानाच नव्हता.

वास होता. मेणाचा, उंदरांचा,
चटयांत मुरलेल्या शंभर वर्षांच्या डब्यांचा.
हिनोसेचे लोक नाटकाला जेवण घेऊन यायचे,
दुपारी बसायचे ते रात्री उठायचे,
मधे पोटभर रडायचे आणि मुळ्याचं लोणचं खायचे.

तोकुएबाई किल्ली घेऊन पुढे. वय एक्क्याऐंशी.
हे थिएटर तीनदा मेलं, म्हणाल्या,
शेजारणीचं दुखणं सांगावं तशा सुरात.
एकदा सिनेमामुळे. एकदा तांदळाचं गोदाम झालं तेव्हा.
एकदा पाडायचंच ठरलं, पार्किंगसाठी,
"पण तोवर गाड्यावाले सगळे गाव सोडून गेले."

आता मेकअपच्या खोलीत मंगळवारी डॉक्टर बसतो.
आरशाभोवतीचे दिवे जीभ बघायला बरे पडतात.
प्रेक्षकांमधून जाणाऱ्या लाकडी वाटेला
एका बाजूने उतार काढलाय, चाकाच्या खुर्चीसाठी.
किसाबुरो त्या उताराच्या विरोधात होते,
वाडवडिलांची वाट करवतीने कापायची म्हणजे काय,
तीन सभा गाजवल्या त्यांनी.
चौथ्या सभेला ते उतारावरूनच आले,
खुब्याचं हाड मोडून.

मग मंचाखाली.
"डोकं सांभाळा, इथे भलेभले आपटलेत."
मातीच्या पोटात एक खांब,
त्याला चार आडवे दांडे,
हातांनी इतके गुळगुळीत
जसा पिढ्यान्‌पिढ्या दळून जात्याचा खुंटा होतो.
वर राजवाडा असतो. खाली चौघं ढकलतात.
राजवाड्याच्या जागी समुद्र येतो.
लोकांना समुद्र दिसतो.

चौघं आणणार कुठून आता, मी विचारलं.
म्हणजे मला मोटर सुचवायची होती.
खर्च अंदाजे, मंजुरी हमखास.

त्यांनी घड्याळ पाहिलं.
टॉवेलच्या गिरणीचा भोंगा झाला, सायकली आल्या.
थोआ, न्यान, खांग,
आणि एक, ज्याचं नाव मला दोनदा विचारावं लागलं, क्वी.
व्हिएतनामहून आलेले, तीन वर्षांच्या करारावर.
भुवयांवर सुताचे तंतू.

थोआ म्हणाली, आमच्याकडे पाण्यावर बाहुल्या नाचवतात.
पडद्यामागे कमरेभर पाण्यात उभी असायचे मी, बांबू धरून.
"न दिसता काम करायची सवय आहे."
हा विनोद होता. आम्हाला कळायला वेळ लागला.

दांड्यांना छात्या लागल्या.
आधी कुरकुर, मग एक लांब, जड घरघर,
आणि चिमूटभर धूळ माझ्या फॉर्मवर.
वर कोण आहे?
नाटक तर शनिवारी.
शाळेतली नऊ मुलं होती, आहेतच तेवढी,
मांडी घालून फुकटची फेरी मारत,
आणि ओरडत होती, उलटं, आता उलटं!

खांगचा करार मार्चमध्ये संपतो.
मग?
"मग दुसरं कुणी," तोकुएबाई म्हणाल्या,
आणि तुळईवर टॉर्च मारायला लावला.
कुंचल्याने लिहिलेली नावं, ढकलणाऱ्यांची,
जुनी, पुसट, काही युद्धानंतर कधीच न लिहिलेली,
आणि शेवटी ताज्या शाईत चार,
निराळ्या लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर
टोप्या, टिंबं, तिरक्या काड्या.

क्वीला खोकला झाला होता. त्याने बाजूला होऊन
दांडा माझ्याकडे केला. मी फॉर्म खिशात कोंबला.

रात्री लॉजवर अहवाल लिहिला.
खांब क्रमांक सात बदलावा.
छताला आतून लोखंडी ताण.
मोटर, नको.
मंचाखाली फार अंधार आहे,
एक बल्ब हवा.