बिल्ला नंबर सतरा

सव्वीस साली, ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री
लिस्बनच्या त्या महालात मी कोट सांभाळायला होते.
वर अठराव्या शतकाचा नाच रंगलेला:
भाड्याचे केसांचे टोप, गालांवर चिकटवलेले तीळ,
आणि बायकांचे घेर एवढे
की दारातून आडवंच जावं लागे.

साडेअकराला एक गृहस्थ आले.
टोपावर पावडर जरा जास्तच, खांद्यावर चुना.
'कोट?' मी हात पुढे केला.
'हॅट. द्यायची नाही, न्यायचीय.'
पुढ्यात बिल्ला ठेवला, हस्तिदंती, सतरा नंबरचा.
आमचे बिल्ले पितळी.
शिवाय टेबलावर तो वाजला नाही,
तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

'कधी ठेवली होती?'
'आजच्याच रात्री. सतराशे पंचावन्नला.
पत्त्यांत पहाट झाली, तसाच बोडका
सर्व संतांच्या मिस्सेला गेलो.
धरणी हलली, छत खाली आलं.
हॅट असती तर वाचलो असतो असं नाही हो,
पण माणूस जरा नीटनेटका मेला असता.'

मी आल्फामाची. आमच्या गल्लीत
मेलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत.
'शोधते,' म्हटलं. 'तोवर नाचून या.'

मग जासिंतो रिकामे ट्रे घेऊन उतरे
आणि एकेक बातमी ठेवून जाई:
पाहुणा फॉक्सट्रॉटमध्ये मिनुएट नाचतोय.
दोना एर्मेलिंदांच्या आरपार गेला,
वर 'माफ करा' म्हणाला,
बाईंनी शाल मागवलीय.
वेशभूषेच्या स्पर्धेत त्याचा तिसरा नंबर.
परीक्षक म्हणे,
बूट त्या काळातले वाटत नाहीत.

दोनला परतले. 'तिसरा!' एवढंच बोलले.
मी सगळी फडताळं उपसली होती.
खुर्चीत एक स्वीडिश साहेब पिऊन घोरत होते,
त्यांची रेशमी टॉप हॅट उचलली.
'हीच का?' मी नजर चुकवून विचारलं.
त्यांनी ती फिरवून पाहिली.
तीन कोन शोधले. एकही नव्हता.
'हीच,' म्हणाले.
खानदानी माणूस, आवाज जराही हलला नाही.

आरशात नुसती हॅट दिसली.
ती मला वाकली, बाजूला कलली,
आणि उतारावरून नदीकडे निघून गेली.

सकाळी घंटा वाजल्या. छत जागच्या जागी.
हॅटचे पैसे माझ्या पगारातून कापले.
बिल्ला अजून खिशात आहे.
आहे म्हणून सांगते,
दाखवता येत नाही.