हातचा एक

नियम साधा आहे, लॉरेन, मी म्हणते.
नव्या पदवीची वर्षं तीन,
त्यात मिळवायचा हातचा एक,
मग वजा करायची
आधी शिकलीस ती वर्षं.
उरतील तेवढ्यांचं कर्ज सरकार देतं.

ती कागदाकडे बघत नाही.
खिडकीबाहेर हल नदीला ओहोटी लागलीय,
पाण्यापेक्षा चिखलच जास्त.

सत्तेचाळीस वर्षांची. विदर्नसीच्या कॅराव्हॅन पार्कात
गॅसच्या टाक्या बदलते, चादरी बदलते,
आणि दर मार्चमध्ये कड्यालगतची रांग
ट्रॅक्टर लावून मागे ओढते.
भूगर्भशास्त्र शिकायचंय तिला.
"माती जाते ते रोज बघतेच मी.
किती जाईल ते मोजता यायला हवं."

आधी काय शिकलीस?
"जर्मन. लीड्सला.
दोन वर्षं नि नऊ दिवस."

मी पेन खाली ठेवते.
नियमाला वर्ष समजतं, दिवस समजत नाही.
उंबरठ्याच्या आत एक पाऊल पडलं
की अख्खं घर हिशेबात धरतात.
म्हणजे दोन नाहीत, तीन.
तीन अधिक एक, वजा तीन.

बाकी एक.
तेही शेवटचं वर्ष. पहिली दोन
तिने स्वतःच्या खिशातून भरायची.
तिच्या खिशात चौदा चाव्या आहेत,
सगळ्या दुसऱ्यांच्या दारांच्या.

"दहाव्या दिवशी फोन आला," ती म्हणते.
वडील दूध टाकायचे. गाडीतच कोसळले.
उजवा हात गेला, आणि वाचा.
घरी दुसरं कुणी नव्हतं.

मग एक वाट आहे, मी म्हणते,
आणि स्वतःचाच आवाज मला
जरा जास्तच उत्साही वाटतो.
नाइलाजाने सोडलेलं वर्ष
परत मिळू शकतं. त्या वेळचा पुरावा लागेल.
डॉक्टर?
"वारले."
दवाखाना?
"तिथे आता नखं रंगवून देतात."
घरचा जुना पत्ता तरी?
ती पहिल्यांदा हसते.
"समुद्राने नेला. आधी बाग, मग न्हाणीघर,
मग सतरा नंबरची पाटी.
पत्र पाठवायचं तर बाटलीत घालून पाठवा."

एकोणीस वर्षं मी या खुर्चीत आहे.
लोकांनी घटस्फोटाचे निकाल आणलेत,
एकाने तर राखेच्या कलशाची पावती.
मी सगळ्यांवर शिक्का मारला.
कुणाला पाणी विचारलं होतं का, आठवत नाही.

पुढच्या मंगळवारी ती येते,
पावाच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन.
पहिल्या पानावर नुसत्या काड्या.
दुसऱ्यावर काड्या, पण उभ्या.
अकराव्या पानावर एक अक्षर,
उलटलेल्या होडीसारखं.
डाव्या हाताने काढलेलं, पन्नाशीच्या माणसाने.
आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईत
तारीख, १४ ऑक्टोबर १९९८ पासून पुढे,
आणि तिच्या वळणदार अक्षरात
एकच जर्मन शब्द: गूट. छान.

शेहेचाळीस पानं. मी झेरॉक्स काढते.
मशीन दोनदा अडतं.
अर्जात चौकटी आहेत: वैद्यकीय, कायदेशीर, इतर.
मी 'इतर'वर खूण करते
आणि पुढच्या रेघेवर लिहिते, 'वही'.
मग वाटतं, एवढ्याने कुणाला काय कळणार.
पण रेघ तेवढीच आहे.

उत्तराला आठ आठवडे लागतात, मी सांगते.
ती पिशवीची घडी घालते, चाव्या उचलते,
दारापाशी थांबते.
"आठ आठवडे," ती म्हणते,
आणि माझ्या टेबलाच्या कडेवर हात पसरून
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजते.
"एवढा कडा जाईल.
थोडा जास्तच."