आठ वेळा तेच

शुक्रवारी पहाटे, रात्रपाळीचे बूट तसेच पायात,
मी खाडीकाठी तिपाई रोवतो.
गावाचं नाव सूर. मला गाता येत नाही,
फक्त ओहोटी किती वाजता हे तोंडपाठ आहे.
पाणी उतरलं की ते जुनं लाकडी जहाज
चिखलात एका कुशीवर टेकतं
आणि हलायचं थांबतं.
मला तेवढंच हवं असतं.

तिपाईच्या पोटाला पिशवी लटकवली आहे,
पिशवीत कालच्या बाजारातले तीन किलो कांदे.
वाऱ्याला वजन कळतं, कांदे कळत नाहीत.

हा मोड एक फोटो काढत नाही. आठ काढतो.
दर वेळी आतला सेन्सर सरकतो
अर्धा पिक्सेल, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी,
उजवीकडे, खाली, पुन्हा जागेवर,
आमच्या स्टोअरचा कारकून एकच पावती
आठदा उजेडात धरतो तसा.
मग आठांची बेरीज करून सांगतो: हे असं आहे.
अट एवढीच, तोवर जगाने हलू नये.

तेही ऊन चढायच्या आत.
आठ वाजले की वाळूवरची हवा उकळते,
पलीकडचा दीपस्तंभ कमरेतून वाकतो,
आणि कॅमेरा बिचारा प्रामाणिकपणे
उकळीच टिपतो, ऐंशी मेगापिक्सेलमध्ये.

दोन सेकंदांचा थांबा. मीही श्वास धरतो,
त्याने काही होत नाही हे ठाऊक असून.
एक. दोन. तीन. चार.
पाचव्याला जुसबभाई चौकटीत आले,
हातात हातोडी नि छिन्नी, खांद्यावर कापसाचा पेळू,
आणि कामाला लागले.
ओरडणार होतो.
सहा. सात.
आठ.

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं.
फळीची शीर न् शीर सुटी, खिळ्याभोवती गंजाचं कडं,
दोराच्या पिळात अडकलेला मिठाचा खडा.
आणि जुसबभाई
जाळीदार ठिपके, फणीने विंचरून काढलेले.
खांद्यातून फळी दिसते.
उजवा हात नाहीच.

दुरुस्तीचं एक बटण असतं:
हललेलं तेवढं एकाच फोटोतून उचलतं.
माणूस पुरा मिळतो, पण लाकडापेक्षा धुरकट.

अंगठा त्यावर होता तेवढ्यात ते आलेच.
मांडवी सोडून एकतीस वर्षं,
चष्मा दोऱ्याने बांधलेला.
मी म्हणालो, तुम्ही हललात ना, म्हणून...
त्यांनी ऐकलं नाही. बोट स्क्रीनवर,
स्वतःला ओलांडून, तळाच्या दोन फळ्यांमधल्या
बारीक पांढऱ्या रेघेवर.
"ही माझी, परवाची. बघ, इथे कापूस सैल बसलाय."
मग वर न बघता, "भरती किती वाजता?"

सांगितलं. ते लगबगीने गेले.
बटण दाबायचं राहूनच गेलं.
ठोक ठोक सुरू झाली,
आणि दर ठोक्याला, चिखलातून, तिपाईच्या पायातून वर,
चौकट किंचित हलत राहिली.