अर्धवट सोडलेली ओळ

आबा सकाळी सातलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.
खाण बघायला जायचं तर नीट जावं, म्हणाले,
ओळखीचं कुणी भेटलं तर?

मालाडच्या डोंगराला वळसा घालून पोचलो
तर खाणीच्या तोंडाला गेट.
वॉचमनने वही सरकवली : कुणाकडे?
आबांनी सावकाश लिहिलं : यल्लप्पा अलकुंटे.
कामाच्या रकान्यात : खाली.
खाली म्हणजे कितवा मजला, त्याने विचारलं.

दोन टॉवरांच्या मागे हिरवं पाणी,
जाळी, आणि पोहायला मनाई असल्याची पाटी.
आबा जाळीतून बोट दाखवत होते पाण्याच्या आत :
तो रस्ता. ती तुझी आई, टोपली घेऊन. ते बाभळीचं झाड.
पोंगा वाजला की लाल फडकं हलवायचो,
हटाऽऽ म्हणून ओरडायचो,
सगळी माणसं ट्रकाखाली.
वरून बघितलं तर आधी धूर दिसायचा,
आवाज मागून यायचा.

दोन बोटं इथंच राहिली माझी,
असं म्हणाले, छत्री विसरल्यासारखं.

मी ऑफिसात भिंतींना लावायला टाइल्स निवडते.
एकीचं नाव आहे मालाड स्टोन फिनिश.
येते मोरबीहून, खोक्यात, वजनाला हलकी.
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग बस पकडून एरंगळ.
ओहोटी होती. खडक उघडे पडलेले,
पिवळट, धारदार, शेवाळाने निसरडे.
आबा वाकले, थुंकी लावून दगड पुसला :
अगं, हा आपलाच.
डोंगरातून इथवर आलाय जमिनीखालून, तिकीट न काढता.

जाळं शिवत बसलेला डुमिंग म्हणाला,
वर्षाला दोन जाळी खातो हा खडक.
तिकडे भोकं आहेत बघा, रांगेत,
पोर्तुगीजांनी पाडलेली, असं म्हातारे सांगत.

सात भोकं. आठवं तीन बोटं खोल, तिरकं.
आबा उकिडवे बसले, एकेकात करंगळी घालून बघितली.
पोर्तुगीज कसला. डावखुरा होता कुणीतरी,
आमच्यातलाच. हात चांगला होता.

मग सोडलं का?
मला वाटलं, भरती आली असेल,
किंवा समुद्राकडे बघून त्याचा घण थांबला असेल.
आबा म्हणाले, पैसे दिले नसतील.

आठव्यात त्यांनी अर्धं बोट घातलं.
एक खेकडा चिडून बाहेर आला,
तिरका चालत सातव्यात शिरला.

ऊन कललं तसं पाणी चढू लागलं.
टोकाच्या खडकावर चार कॉलेजची पोरं
पाठ समुद्राकडे करून फोटो काढत होती.
आबा एकदम उठले,
खिशातला रुमाल काढून डोक्यावर फिरवला
आणि ओरडले,
हटाऽऽ

इतका मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.
डुमिंगची सुई थांबली. पोरं घाबरून खाली उतरली.
कडेवर आधी पांढरं उसळलेलं दिसलं,
आवाज मागून आला.

परतताना बसमध्ये आबा खिडकीशी झोपले,
शर्टावर मिठाचा नकाशा.
मार्वेच्या वळणावर दचकून जागे झाले :
त्या वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायची राहिली.

फोन करू का गेटवर, मी विचारलं.
राहू दे, म्हणाले.