तांबं तापलं की

अक्कलकोट रोडला, गड्डम शेटच्या शेडमध्ये
मार्च सरता सरता नवा माग बंद पडायला लागला.
रोज. दुपारी अडीच ते चार.
टॉवेल अर्धा, काठ अर्धा
आणि पॅनेलवर लाल अक्षरं : करंट जास्त.

बोर्ड माझा. म्हणून मीच बसले
तापल्या पत्र्याखाली, कांड्यांच्या पालथ्या खोक्यावर,
स्कोप मांडीवर घेऊन.

करंट मोजायचा तर त्याच्या वाटेत काहीतरी उभं करावं लागतं,
आणि जे उभं करू ते थोडं खातंच.
मी वेगळा रेझिस्टर घातला नव्हता.
कॉइलच्या तांब्यात जो नाइलाजाचा विरोध असतो
त्याच्यावर पडणारे काही मिलिव्होल्ट
तेवढे चिपला वाचायला दिले.
काटकसर, दुसरं काय.

चिप सेकंदाला दोन लाख वेळा वाचते.
स्विच दणकला की क्षणभर डोळे मिटते,
धुरळा बसला की, चढाच्या बरोबर मध्यावर,
एकदाच बघते.
इतकं नीट शिकवलं होतं तिला मी.

क्लॅम्प लावला : सहा अँपिअर.
चिप म्हणे, साडेसहा.
सकाळी तर दोघांचं जुळत होतं.

मागे राजव्वा कांड्या भरत होती.
"दुपारी सगळंच जड लागतंय बघ," ती म्हणाली,
"सूत सकाळचंच असतंय."

मी स्कोप खाली ठेवला.

तांबं तापलं की अंशाला हजारात चार या हिशेबानं
त्याचा विरोध वाढतो. करंट तेवढाच.
चिप खोटं बोलत नव्हती,
तापलेल्याची साक्ष काढत होती फक्त.

कॉइलला थर्मिस्टर चिकटवला, कोडमध्ये एक ओळ लिहिली :
जितकं तापलं असशील तितकं तुझ्या बोलण्यातून वजा.
तीन वाजले. माग चालूच.

शेट खूश. चहा आला.
"हिला पण बसवा की एक असलं," राजव्वाकडे बघून म्हणाले,
"दुपारची लई कुरकुरते."
ती हसली नाही.
तिच्या कांड्या मी मघाशी मोजल्या होत्या :
सकाळी जेवढ्या, तेवढ्याच.

शेडमध्ये पंखा एकच.
तो महिनाभर पॅनेलकडे तोंड करून होता.
आता पॅनेलला नको, मी म्हणाले,
आणि उठले.

मान गंजली होती त्याची.
वळवायला दोन्ही हात लागले.