हातभर

दुसऱ्या दिवशी दुपारी मदुराईने नवऱ्याला आडवं केलं.
दोष कुणाचा, यावर अजून एकमत नाही.
तो म्हणतो, जिगरठंड्यातला बर्फ.
मी म्हणते, त्याआधीचे तीन करी-दोसे
आणि ‘इतक्या लांब आलोय तर’ म्हणून
वर ओरपलेला हाडांचा रस्सा.

तर महाल मी एकटीने पाहिला.
खांब असे, की सहलीला आलेल्या चार पोरी
हात धरून एकाभोवती उभ्या राहिल्या
तरी पहिलीचा हात चौथीला सापडेना.
चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेत म्हणे,
म्हणून गुळगुळीत;
आणि गुळगुळीत म्हणून, हात पोचेल तिथवर
नावंच नावं. एकेकटी, जोडीची,
बाणाने आरपार गेलेली.

पहारेकरी कुप्पुराम शिट्टी फुंकून दमला होता.
मला तमिळ येत नाही, त्याला हिंदी.
मला जवळ बोलावलं, एका नावाखाली बोट टेकवलं,
म्हणाला, ‘माय फादर.’
मग शिट्टी सदऱ्याला पुसली
आणि पुन्हा तोंडात धरली.

मागच्या गल्लीत सौराष्ट्री विणकरांची घरं.
कधीकाळी गुजरातेकडून निघालेली माणसं,
शब्द वाटेवर सांडत, वाटेवरचे उचलत
इथे येऊन रेशमाला लागलेली.
कस्तुरीबायकडे मी पोटावर हात ठेवून
खुणेनेच ताक मागितलं.
ती आत कुणावर तरी ओरडली. त्या ओरडण्यात ‘पानी’ होतं,
बाकी सगळं निसटलं.
मग माझ्याकडे वळून: ‘नाव काय?’

मी दचकले. गाडीत बसल्यापासून दोन दिवस
कुणी मला असं, अनुस्वाराचाही फरक न करता
काही विचारलं नव्हतं.
‘शरयू,’ म्हटलं.
पुढच्या वाक्याला आमची फारकत झाली,
तिचं वाक्य तिच्या बाजूला, माझं माझ्या.
पण किटली भरून मिळाली, वर आलं किसून.
पैसे घेतले नाहीत; किटली मात्र
सकाळी परत हवी, हे तिने बोटाने
तीनदा बजावलं.

रात्री साडेनवाला देऊळ.
दगडात दुपारची ऊब अजून शिल्लक.
सनई नव्हे, तिची धिप्पाड थोरली बहीण वाजत होती,
आणि खांद्यांवरून आली चांदीची पालखी.
पालखीत देव नसतो, त्याची पावलं असतात.
रोज रात्री तोच निघतो तिच्या खोलीकडे.
ती कुठे जात नाही.
दार लावण्याआधी तिची चमकी काढतात म्हणे,
त्याला टोचू नये म्हणून.
हे मोडक्या इंग्रजीत सांगणारी शेजारीण
सत्तरीची असेल. लाजली.

बाहेर मल्लीच्या टोपल्या. भाव हातावर:
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक मुळम.
पेच्चिअम्मा जेवायला गेलेली, टोपलीवर तिची भाची,
असेल अकरा वर्षांची.
पुढचं गिऱ्हाईक भांडत होतं,
एवढ्याशा हाताचं माप कोण घेणार?
पोरगी हटेना. तिचा हात तो तिचा हात.
माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे बघून
काय वाटलं तिला कोण जाणे,
माझंच मनगट धरलं, हात सरळ केला
आणि माझ्या हातावर मोगरा मोजला.
वर चार बोटं सोडली.

लॉजची लिफ्ट बंद.
तीन जिने, एका हातात किटली, दुसऱ्यात हातभर मोगरा;
ना चवरी, ना मशाल,
दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही.
खोलीत पंखा घरघरतोय, नवरा भिंतीकडे तोंड करून.
‘झालं देऊळ?’
‘झालं.’
‘वास कसला येतोय? खायला आणलंस काही?’

ताक घोट घोट प्यायला. कपाळ अजून गरम.
दिवा मालवण्याआधी
मी चमकी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.
तशी गरज नव्हती.
तो केव्हाच घोरायला लागला होता.