चाळीस कुंभे

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी
मला चाळीस रोपं लागतात, मुळासकट, फुलावर आलेली.
मी अटेंडंट. माटुंग्याच्या कॉलेजात, बॉटनीला, एकवीस वर्षं.

बोरिवलीला चपलांच्या दुकानाच्या पायरीशी
बायजी मुकणे बसते, विक्रमगडहून येते.
शेवळं कधीच संपलेली, टाकळा जून झालेला,
गोणपाटावर नुसता कुंभा,
पांढरी फुलं अजून मुंग्यांसकट.

"चाळीस जुड्या? घरात येवढे खोकलेकरी?"
परीक्षा आहे, म्हटलं.
"कुंभ्याची?"
पोरांची.
ती हसली नाही. एक देठ चिमटीत फिरवला,
मग माझ्या चिमटीत दिला.
"चार कोन लागले पायजेत.
गोल लागला तर घेऊ नको, कुणी का देईना."

मॅडम हेच सांगतात पहिल्या तासाला,
फळ्यावर चौकोन काढून.

दुसऱ्या दिवशी चाळीस ट्रे, चाळीस सुया.
पेऱ्यापेऱ्यावर फुलांचा गेंद, गेंदात हिरवे द्रोण,
द्रोणातून डोकावणारे दोन ओठ:
वरचा लोकरीची टोपी घातलेला,
खालचा पसरट, डॉक्टरला जीभ दाखवावी तसा.
टोपीआड चार पुंकेसर, दोन उंच, दोन बुटके.
अगदी तळाशी चार बिया,
एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या.

एकोणतीस नंबरच्या इर्शाद परकारनं
पान तोंडात टाकलं. मी पाहिलं, बोललो नाही.
उत्तरपत्रिकेत त्यानं लिहिलं:
कडू. मागाहून तिखट. घसा मोकळा.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तांबडी रेघ मारली.
चवीचा रकाना नाही.

उरलेलं फेकायचं, असा नियम आहे.
मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं,
गूळ घालून उकळलं, रात्री प्यालो.
माझा खोकला फॉर्मॅलिनचा, नोकरीइतकाच जुना.
गेला नाही. पण दोन तास
शहाण्यासारखा गप्प बसला.

खर्चाच्या वहीत दर वर्षी लिहितो:
नमुने, चाळीस नग, बाजार.
या खेपेला लिहिलं: बायजी मुकणे.
ओळख पटवली, बोटांनी.

ऑडिटवाला म्हणाला, पावती?
त्या पानाला मी एक देठ टाचणीनं लावून ठेवलाय.
वाळून काडी झालाय,
फिरवून बघा म्हटलं, साहेब,
अजून चार कोन लागतात.